पुस्तक पडद्यावर येतें तेव्हां



एखाद्या आवडत्या कादंबरीवर चित्रपट निघणार असल्याची वार्ता येते, आणि त्या दिवशीं सुशिक्षित घरांतून जेवणाच्या वेळीं एक लहानसा वाद हटकून रंगतो. नायिकेचें काम कोण करणार, हा पहिला प्रश्न. शेवट बदलणार नाहींत ना, हा दुसरा. आणि चांगल्या पुस्तकांना हे लोक हात तरी कशाला लावतात, हा वडीलधाऱ्यांचा निकाल. गंमत अशी, कीं निकाल देणारी मंडळीच पहिल्या आठवड्यांत तिकिटें काढून चित्रगृहांत बसलेलीं आढळतात. मी स्वतः या दोन्ही पक्षांत मोडणारा माणूस आहें. पुस्तकांचा मला लोभ आहे आणि चित्रपटांचा नाद आहे. तेव्हां या उत्कंठेच्या आणि या धास्तीच्या मुळाशीं काय आहे, आणि पुस्तकाशीं इमान राखणें म्हणजे चित्रपटानें नेमकें काय करणें, याचा थोडा विचार आपणांपुढें मांडावा असें योजिलें आहे.

ग्रंथांतील कथा पडद्यावर येणें ही गोष्ट मुळींच नवी नाहीं. आपल्याकडील चित्रपटाचा जन्मच परिचित कथेच्या मांडीवर झाला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांसमोर आला, तेव्हां ती कथा ठाऊक नाहीं असा प्रेक्षक तेथें क्वचितच असेल. पुढें १९१७ सालच्या ‘लंकादहन’ या मूकपटांत अण्णा साळुंके या एकाच नटानें राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. आज हें ऐकून हंसूं येईल. परंतु तो चित्रपट लोकांनीं डोक्यावर घेतला होता. रामाची आणि सीतेची मूर्ति प्रत्येकाच्या मनांत आधींच वसलेली होती. पडद्यावरच्या आकृतीला तिच्या आधारानेंच प्राण मिळाला. येथें एक धागा आपल्या हातीं लागतो, तो पुढें उपयोगी पडेल. प्रेक्षक चित्रगृहांत रिकाम्या मनानें येत नाहीं.

आतां थोडा हिशेब करूं. साडेतीनशें पानांची कादंबरी सावकाश वाचणाऱ्याला दहा-बारा तास सहज पुरते. चित्रपटाला दोन, फार तर अडीच तास मिळतात. म्हणजे कितीहि आदरानें काम केलें, तरी पुस्तकाचा मोठा भाग दाराबाहेर राहणार हें ठरलेलेंच आहे. हें ज्याला मान्य नव्हतें असा एक दिग्दर्शक अमेरिकेंत होऊन गेला. एरिक फॉन स्ट्रोहाइम हें त्याचें नांव. फ्रँक नॉरिस याची ‘मॅक्टीग’ ही १८९९ सालची कादंबरी त्यानें ‘ग्रीड’ या नांवानें जवळजवळ पानापानानें चित्रित केली. स्टुडिओंतील देखावे त्याला चालेनात. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या खऱ्या रस्त्यांवर आणि डेथ व्हॅलीच्या जीवघेण्या उन्हांत त्यानें नटांना उभें केलें. १९२४ सालीं हा चित्रपट प्रथम तयार झाला, तेव्हां तो बेचाळीस रिळांचा, आठ-नऊ तास चालणारा होता. कंपनीनें कात्री लावून तो सुमारें दहा रिळांवर आणला, आणि कापलेला भाग कायमचा नाहींसा झाला. जें उरलें तेंहि थोर आहे असें जाणते म्हणतात. परंतु सर्व कांहीं ठेवण्याचा हट्ट धरला म्हणजे काय ठेवावें याचा निर्णय शेवटीं परक्याच्या हातीं जातो, हा धडा त्यांतून मिळतो.

लांबीची अडचण एक वेळ सोडवतां येईल. हल्लीं एकेका कादंबरीवर आठ-आठ, दहा-दहा भागांच्या मालिका निघतात, तेव्हां वेळेची वाण नसते. खरी अडचण साधनांची आहे. आपल्या मराठींत ‘तो दर रविवारीं तिच्याकडे जाई, ओट्यावर बसे आणि कांहीं न बोलतां परत येई’ असें एक वाक्य लिहिलें, कीं वर्षाचा काळ सरतो. ‘जाई’, ‘बसे’, ‘येई’ या रूपांमध्यें पुष्कळ रविवार एकत्र विणलेले असतात. कॅमेऱ्याजवळ हा रीतिभूतकाळ नाहीं. त्याला एकच रविवार दाखवितां येतो, आणि तोहि डोळ्यांसमोर आतां घडत असल्यासारखा. तसेंच ‘तिला वाटलें’ या दोन शब्दांनीं लेखक मनाच्या आंत उतरतो. पडद्यावर चेहरा दिसतो, हात दिसतात, खोलींतील सामान दिसतें. वाटणें दिसत नाहीं. मग दिग्दर्शकानें करावें काय? शब्दांनीं साधलेला परिणाम त्याला दुसऱ्या कोणत्या तरी मार्गानें साधावा लागतो. मूळ प्रसंग किती उरले याची मोजदाद करीत बसणारा प्रेक्षक हा दुसरा मार्गच पाहावयाचा विसरतो. माझ्या मतें इमानाची खरी परीक्षा तेथेंच आहे: जें शब्दांत होतें आणि पडद्यावर आणणें अशक्य होतें, त्याच्या जागीं चित्रपटानें काय दिलें?

उदाहरणासाठीं फार दूर जावयास नको. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ १९३७ सालचा. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला होता, आणि दिग्दर्शक व्ही. शांताराम हे होते. फसवणुकीनें एका वृद्ध विधुराच्या गळ्यांत बांधली गेलेली नीरा त्याला पति मानण्याचें नाकारते, ही त्यांतील कथा. जरठ-कुमारी विवाहावर महाराष्ट्रांत व्याख्यानें पुष्कळ झालीं होतीं. देवलांचें ‘शारदा’ नाटक तर १८९९ पासून रंगभूमीवर होतें. शांतारामबापूंनीं आणखी एक व्याख्यान दिलें नाहीं. त्यांनीं भिंतीवर एक जुनें घड्याळ टांगलें. त्या घड्याळाच्या टिकटिकींत काकासाहेबांचें वय, त्यांचें एकटेपण आणि उतरत चाललेला काळ हें सारें ऐकूं येतें. शिवाय या चित्रपटांत पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केलेलें आहे. जो आवाज येतो तो त्या घरांतील वस्तूचा किंवा माणसाचा. त्यामुळें शांता आपटे यांची नीरा गप्प बसते, तेव्हां ती शांतता आपल्या अंगावर येते. आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब निव्वळ खलपुरुष न राहतां कींव यावी असे होतात. हें घड्याळ आणि ही शांतता म्हणजे ‘तिला वाटलें’ आणि ‘त्याला वाटलें’ या शब्दांची पडद्यावरील भाषांतरें होत.

कधीं कधीं इमान राखण्यासाठीं मूळ मोडावें लागतें. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन स्वतंत्र कादंबऱ्या. डॉ. जब्बार पटेल यांनीं १९७९ सालीं ‘सिंहासन’ काढला, तेव्हां पटकथाकार विजय तेंडुलकर यांनीं त्या दोन्ही एकत्र गुंफल्या. मंत्रालयांतील डावपेंच, कामगार पुढारी, चोरटा व्यापार, झोंपडपट्टी अशी मोठी पसरलेली मुंबई त्यांत आहे. एवढा विस्तार प्रेक्षकाला पेलावा म्हणून निळू फुले यांचा दिगू टिपणीस हा पत्रकार साऱ्या धाग्यांतून हिंडत ठेवला आहे. कादंबरीकाराचा सर्वत्र फिरणारा डोळा चित्रपटानें एका माणसाच्या कपाळाखालीं बसविला, असें म्हणतां येईल. दोन पुस्तकांतील कितीतरी पानें गळालीं. पण राजकारण अगदीं जवळून पाहणाऱ्याच्या मनांत सांचत जाणारी किळस आणि हतबलता मात्र पुरेपूर उतरली.

असाच प्रकार सत्यजित राय यांच्या १९५५ सालच्या ‘पथेर पांचाली’चा. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची कादंबरी १९२९ सालीं पुस्तकरूपानें आली. तींत इंदिर ठाकरुण ही म्हातारी, अपू अगदीं लहान असतांनाच कथेंतून निघून जाते. राय यांनीं तिला अधिक काळ जगविलें. अपू आणि दुर्गा काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांमधून आगगाडी पाहावयास धांवतात, आणि परततांना वेळूच्या बनांत ती म्हातारी त्यांना मेलेली सांपडते. आयुष्यांतील पहिलें मोठें आश्चर्य आणि मृत्यूचें पहिलें दर्शन एकाच फेरींत घडतें. मोजपट्टी घेऊन बसणारा म्हणेल, हा बदल आहे. होय, बदल आहे. आणि त्या बदलामुळेंच शेंकडों पानांतून हळूहळू झिरपणारी बाल्याची जाणीव दोन तासांच्या चित्रपटांत मावली.

एकाच पुस्तकावर दोन चित्रपट निघाले, कीं ही गोष्ट अधिक उघड होते. साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं लिहिली. तिची मांडणी बेचाळीस रात्रींची आहे; प्रौढ श्याम आश्रमांतील मित्रांना रोज रात्रीं एक आठवण सांगतो. आचार्य अत्रे यांनीं १९५३ सालीं तिचा चित्रपट केला. वनमालाबाई आई झाल्या आणि माधव वझे श्याम झाले. राष्ट्रीय पारितोषिकांच्या पहिल्याच वर्षीं, १९५४ सालीं, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रपतींचें सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळालें. पुढें २०२३ सालीं सुजय डहाके यांनीं तेंच पुस्तक पुन्हां घेतलें. रंगीत चित्रपट सार्वत्रिक होऊन कित्येक दशकें लोटलीं असतां त्यांनीं कृष्णधवल छायाचित्रण पत्करलें, आणि आठवणारे प्रौढ साने गुरुजीहि पडद्यावर आणले. अत्र्यांच्या काळांतील प्रेक्षकाला त्या आईच्या घरांतील दारिद्र्य आणि शिस्त अनुभवाची होती. तें घर त्याच्या आळींतलें होतें. आजच्या मुलाला तें घर आठवणींतूनच भेटूं शकतें. आठवणीचा रंग दाखविण्यासाठीं रंग काढून घेणें, हा त्या अंतराचा प्रामाणिक स्वीकार आहे. पोहण्याला भिणाऱ्या श्यामला आई शिंपटीनें मारते, हा प्रसंग आपणां सर्वांना पाठ आहे. त्या माराच्या आड जी माया आहे ती पुस्तकांत सांगणाऱ्याच्या गहिंवरलेल्या आवाजांतून कळते. पडद्यावर तो सगळा भार नटीच्या नजरेवर पडतो. नजर चुकली तर प्रसंग क्रूर होईल, आणि फाजील हळवी झाली तर खोटा होईल.

नाटकावरून चित्रपट करणें सोपें, असें पुष्कळांना वाटतें. कारण संवाद तयार असतात. वस्तुतः तें अधिक अवघड आहे. रंगभूमीवर नट एकटा उभा राहून प्रेक्षकांशीं बोलतो आणि तें आपणांस खटकत नाहीं. पडद्यावर माणूस स्वतःशींच मोठ्यानें बोलूं लागला, तर तो भ्रमिष्ट वाटण्याची भीति असते. शिरवाडकरांचें ‘नटसम्राट’ १९७० सालीं डॉ. श्रीराम लागू यांनीं रंगमंचावर उभें केलें, तें स्वगतांच्या बळावर. महेश मांजरेकर यांचा चित्रपट १ जानेवारी २०१६ रोजीं आला. त्यांत गणपतराव बेलवलकर नाना पाटेकर यांनीं केले, आणि रामभाऊ नांवाचा एक जुना नटमित्र नव्यानें निर्माण करण्यांत आला. ती भूमिका विक्रम गोखले यांची. मूळ नाटकांत नसलेलें पात्र घुसडलें म्हणून नाराज होणारे भेटतात. त्यांनीं एवढेंच पाहावें, कीं या मित्रामुळें गणपतरावांना मनांतलें बोलावयास एक माणूस मिळाला, आणि स्वगताचा संवाद झाला. संगीत नाटकाची तऱ्हा आणखी निराळी. ‘कट्यार काळजांत घुसली’ हें पुरुषोत्तम दारव्हेकर यांचें १९६७ सालचें नाटक सुबोध भावे यांनीं २०१५ सालीं पडद्यावर आणलें, तेव्हां पंडित जितेंद्र अभिषेकी यांचीं जुनीं पदें आणि शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या चाली शेजारीं-शेजारीं ठेवल्या. रंगभूमीवर खांसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांनीं गाजविली होती. चित्रपटांत सचिन पिळगांवकर यांच्या खांसाहेबांना गळा मिळाला तो वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. रसिकांच्या कानांत घर करून बसलेल्या जुन्या सुराला असा मान देणें, हेंहि इमानच होय.

येथवर मी चित्रपटांची बाजू घेतली. आतां पुस्तकाच्या बाजूनें बोलावयास हवें, कारण खरा धोका तेथें आहे. चित्रपट वाईट निघाला, तर फारसें बिघडत नाहीं. तो विसरला जातो आणि पुस्तक फडताळांत जसेंच्या तसें राहतें. चित्रपट चांगला निघाला, कीं मात्र वाचकाचें कांहीं तरी हिरावलें जातें. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ सालीं आली. आणीबाणीच्या दिवसांतील नववींतला मुकुंद जोशी ती आपल्या तोंडानें सांगतो. वाचणाऱ्या प्रत्येकानें त्यांतील शिरोडकर आपापल्या वर्गांतून उचलली होती. कोणाची सांगलीची, कोणाची डोंबिवलीची. कोणाची दोन वेण्यांची, कोणाची चष्मेवाली. २०१२ सालीं त्याच डहाके यांनीं त्यावर सुंदर चित्रपट केला, आणि मराठी मुलखांत हजारों शिरोडकर होत्या तेथें एकच उरली. ही तक्रार चित्रपटाविरुद्ध नव्हे. चेहरा देणें हा त्याचा धर्मच आहे. पण शब्द वाचून आपण मनांत जी मूर्ति घडवितों ती आपल्या स्वतःच्या आयुष्याच्या मातीची असते, आणि तयार चेहरा समोर आल्यावर ती पुन्हां घडवितां येत नाहीं.

याच्या उलट एक रूपांतर आपल्या आकाशवाणीनें करून दाखविलें आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणें केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचें ‘गीतरामायण’ सुरू झालें आणि वर्षभर चाललें. वाल्मीकींच्या सुमारें चोवीस हजार श्लोकांचीं छप्पन्न गीतें झालीं. गाळलें किती, याचा हिशेबच नाहीं! तरी तें रामायण अपुरें आहे असें कोणी म्हटलें नाहीं. आणि रेडिओला चेहरा नसल्यामुळें घरोघरींचा राम ज्याचा त्याचा राहिला. श्राव्य माध्यमाचा हा मोठेपणा मी केवळ या ठिकाणीं बोलत आहें म्हणून सांगतों असें नव्हे. चित्रपटानेंहि सर्व कांहीं दाखवून टाकूं नये, प्रेक्षकाच्या मनाला थोडें काम शिल्लक ठेवावें, एवढें त्यावरून शिकण्यासारखें आहे.

मग ज्यांची वाट पाहिली जाते त्या चित्रपटांकडे आपण कोणत्या दृष्टीनें पाहावें? नितेश तिवारी यांच्या दिग्दर्शनाखालीं रामायण दोन भागांत येणार, पहिला २०२६ च्या आणि दुसरा २०२७ च्या दिवाळींत, असें २०२४ च्या नोव्हेंबरांत जाहीर झालें. त्याच वर्षाच्या अखेरीस क्रिस्टोफर नोलन यांनीं होमरचें ‘ओडिसी’ हातीं घेतल्याची घोषणा झाली, आणि १७ जुलै २०२६ ही तिथि ठरविण्यांत आली. चोवीस सर्गांचें आणि बारा हजारांवर ओळींचें तें काव्य. हीं दोन्ही महाकाव्यें कोणाच्याहि मालकीचीं नाहींत. आपल्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूच्या वर्षानंतर साठ वर्षांनीं ग्रंथ सर्वांचा होतो. साने गुरुजी १९५० सालीं गेले, त्यामुळें त्यांचें पुस्तक २०११ पासून खुलें झालें. म्हणजे जुन्या ग्रंथांवर असे चित्रपट पुनःपुन्हां येत राहणार, आणि एकानें बिघडविलें तरी दुसऱ्याला वाट मोकळी आहे. म्हणून घोषणेनें हुरळून जाऊं नये आणि जाहिरातीच्या दोन मिनिटांच्या तुकड्यावरून निकालहि देऊं नये. तो तुकडा गिऱ्हाईक बोलावण्यासाठीं कापलेला असतो. त्यांत उत्तमोत्तम देखावे असतात, पण चित्रपटाची गति आणि त्याची शांतता नसते. भूमिकेसाठीं निवडलेल्या नटाच्या छायाचित्रावरून भांडणें तर अगदींच व्यर्थ आहे. एकाच नटाला राम आणि सीता म्हणून स्वीकारणारे प्रेक्षक आपलेच पूर्वज होते.

मात्र एक गोष्ट घोषणा आणि प्रदर्शन यांच्या मधल्या काळांत आवर्जून करण्यासारखी आहे, आणि ती विशेषतः ज्यांच्या घरीं वाचत्या वयाचीं मुलें आहेत त्यांच्यासाठीं. तें पुस्तक कपाटांतून काढावें आणि रोज रात्रीं थोडें थोडें मोठ्यानें वाचावें. ‘श्यामची आई’ला बेचाळीस रात्री पुरतात, रामायणाची एखादी सोपी मराठी गद्य आवृत्ति घेतली तर तीहि चार-सहा महिन्यांत संपते. मुलाच्या मनांत त्याचा स्वतःचा श्याम, त्याची स्वतःची सीता एकदां उभी राहिली, कीं मग पडद्यावरचा चेहरा तिच्या शेजारीं येऊन बसेल. तिला उठवून देणार नाहीं. हीं मुलें चित्रगृहांतून परत येतांना ‘आमची अशी नव्हती’ म्हणून वाद घालतील. तो वाद त्यांना घालूं द्यावा. ज्याच्याजवळ स्वतःची मूर्ति आहे त्यालाच दुसऱ्यानें घडविलेल्या मूर्तींतील बरें-वाईट दिसतें. आणि चित्रपटाला जातांना पुस्तक घरीं ठेवून जावें. काय गळालें याची यादी करण्याऐवजीं, गळाल्याच्या जागीं काय आलें तें पाहावें. तेथें ‘कुंकू’मधल्या घड्याळासारखें कांहीं सांपडलें, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले असें खुशाल समजावें.